देणगीची पाटी आणि हजेरीपट

(भिलाई येथे पहिल्या पिढीतल्या पदवीधरांसमोर केलेलं भाषण)



‘मोठे उद्योगपती देशाचे शिल्पकार की लुटारू?’ असा विषय मला दिला आहे. समाजशास्त्राच्या वर्गात ही चर्चा बहुतेक वेळा अमेरिकेतल्या अँड्र्यू कार्नेगीपासून सुरू होते. आपणही तिथूनच सुरुवात करू. तो पोलादवाला होता आणि आपलं शहरही पोलादाचं आहे.

१८९२ साली त्याच्या होमस्टेड कारखान्यात मजुरीकपातीवरून संघर्ष पेटला. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता. त्याचा भागीदार फ्रिक याने भाडोत्री पहारेकरी आणले. गोळीबार झाला, माणसं मेली, युनियन मोडली. याच कार्नेगीने जगभरात अडीच हजार ग्रंथालयांना पैसा दिला. त्याचे चाहते ग्रंथालयं मोजतात, विरोधक मेलेली माणसं मोजतात. मला तिसरीच गोष्ट बघायची आहे : दार. ह्यूस्टनच्या कार्नेगी ग्रंथालयात काळ्या वाचकांना प्रवेश नव्हता. त्यांना खटपट करून १९१३ साली वेगळं ग्रंथालय उभं करावं लागलं, तेही कार्नेगीच्याच देणगीतून. पैसा दात्याचा होता. आत कोण येणार, हे गोऱ्यांनी ठरवलं.

आपल्याला हे काही नवीन नाही. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तिथे कामगारांसाठी पेन्शन फंड आला, अपघाताची भरपाई आली, आणि तीही त्यासाठी कायदा होण्याच्या कितीतरी आधी. होमस्टेड पेटलं त्याच १८९२ साली त्यांनी परदेशी शिक्षणासाठी निधी काढला. पुढे टाटांच्याच शिष्यवृत्तीवर के. आर. नारायणन लंडनला शिकले आणि १९९७ साली राष्ट्रपती झाले. हे मोठेपण नाकारायचं काही कारण नाही.

आता मुंबईच्या कापडगिरण्यांचा हजेरीपट उघडा. आपली माणसं सूतकताईत दिसतील. साचाखात्यात, म्हणजे विणाईत, मजुरी जास्त होती, पण तिथे ती दिसणार नाहीत. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. मालकाला तसा नियम लिहून काढावाच लागला नाही. जातीने त्याचं काम फुकटात केलं, आणि कामगारांची फूट त्याच्या पथ्यावर पडली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. दोन का, ते साचाखात्याच्या दारात उभं राहिलं की कळतं.

आपल्या भिलाईला असा एकटा संस्थापक नाही. १९५५ च्या सोव्हिएत करारातून हा सरकारी कारखाना उभा राहिला. माझे आजोबा भंडाऱ्याहून इथे आले, कायम झाले, म्हणून आज मी पीएचडी करते आहे. सरकारी कारखाना होता म्हणून आरक्षण लागू झालं. पण त्याच गेटमधून ठेका मजूरही आत जातो. काम तितकंच कष्टाचं, पगार कितीतरी कमी. मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईवर लिहिताना ‘नौकरी’ आणि ‘काम’ यांतला हाच फरक दाखवला आहे. इथल्या खासगी कारखान्यांतल्या ठेका मजुरांसाठी लढताना २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे शंकर गुहा नियोगींना झोपेत गोळी घातली गेली. त्यांच्याच संघटनेच्या खाणकामगारांनी दल्लीराजहरात १९८३ साली स्वतःच्या श्रमातून आणि वर्गणीतून शहीद हॉस्पिटल उभं केलं. म्हणजे दान फक्त श्रीमंतच करतात, हेही खरं नाही.

हे सगळं तुम्हाला का सांगते? तुमच्यापैकी काहींना एखाद्या कंपनीच्या फाउंडेशनची शिष्यवृत्ती आहे. काहींना उद्या तिथेच नोकरी मिळेल. घरचे म्हणतील, ‘ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याविरुद्ध बोलू नये.’ पण ते मीठ कुणाच्या घामाचं, हेही विचारायला हवं. तो निधी सूतखात्यातल्या, खाणीतल्या माणसांनी कमावलेल्या नफ्यातूनच आलेला असतो. आजोबा-आजीच्या मजुरीतून कापलेला वाटा नातीच्या फीमध्ये परत आला, तर तिने मान खाली का घालावी?

म्हणून कुठल्याही उद्योगपतीचं चरित्र वाचाल तेव्हा देणगीच्या पाटीशेजारी हजेरीपट ठेवा. कोणत्या खात्यात कोण होतं? कुणाला किती मिळत होतं? कुणाला दारातच थांबवलं? ही माहिती चरित्रात नसेल तर ती शोधणं आपलं काम आहे. आपण शिकलो ते त्यासाठीच.

शिष्यवृत्ती घ्या, आभारही माना. पण आभारपत्रावर सही केली म्हणून प्रश्न विचारण्याचा हक्क लिहून देऊ नका.

जय भीम.