खोल्या भरल्या म्हणजे पैसे सुटले, असं नसतं

आज तळेगाव ढमढेरेहून बोलतोय. शिक्रापूर इथून हाकेवर, सणसवाडी आणि रांजणगावची एमआयडीसीही जवळ. म्हणून आपल्याकडे दोन गुंठे मोकळे दिसले की माणूस म्हणतो, "खोल्या बांधू, घरबसल्या भाडं येईल."

२०१८ साली मीही तेच म्हणालो. कर्ज काढलं, आठ खोल्या बांधल्या. कंपनीतली पोरं होती, दीड वर्ष एकही खोली रिकामी राहिली नाही. मग मार्च २०२० आला. लॉकडाउन लागलं, कंपन्या थांबल्या, पोरं गावाला गेली. आठपैकी सात खोल्यांना कुलूप. बँकेनं हप्ता पुढे ढकलला, पण व्याज चढतच होतं. शेवटी बायकोचं सोनं गहाण टाकलं. तिनं तेव्हा काही म्हटलं नाही, पण मला ते अजून लागतं.

चूक लॉकडाउनची नव्हती, हिशेबाची होती. ऐका. आठ खोल्या, ३,५०० रुपये भाडं, म्हणजे वर्षाला ३,३६,००० रुपये. मी इथंच थांबलो होतो. प्रत्येक खोली वर्षातून एक महिना रिकामी धरा, २८,००० गेले. पाण्याची मोटर, रंग, प्लंबर, घरपट्टी यांचे ६०,००० धरा. हप्ता १९,००० चा, म्हणजे वर्षाचे २,२८,०००. हातात उरले फक्त २०,०००. एवढ्यावर महामारी सोडाच, एक बोअर आटली तरी संपलं.

म्हणून पहिली गोष्ट: सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असल्याशिवाय पाया खणू नका. आणि आठ नको, आधी चार बांधा. चार भरल्या, टिकल्या, की मग पुढच्या.

दुसरी गोष्ट, कागद. माझा एक भाडेकरू जाताना म्हणाला, "डिपॉझिट वीस हजार दिलं होतं." दिलं होतं दहा, पण करार तोंडी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. शिवाय शिक्षेची तरतूद आहे ती वेगळीच. मी गपचूप वीस हजार दिले. लिव्ह अँड लायसन्स आता ऑनलाइन नोंदवता येतं, त्याचा खर्च या दहा हजारांपुढे काहीच नाही.

तिसरी गोष्ट, गाळे. गाळ्याचं भाडं खोलीपेक्षा जास्त, हे खरं. पण खोली रिकामी झाली तर आठवड्या-पंधरवड्यात कुणीतरी विचारतं, गाळा मात्र सहा-सहा महिने बंद राहू शकतो. घेण्याआधी सातबारा बघा, एनए झालंय का बघा, रस्ता रुंद झाला तर आपली भिंत कुठं येते ते संबंधित ऑफिसात विचारा. एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका.

आणि सगळे भाडेकरू एकाच कंपनीचे नकोत. तिथली एक शिफ्ट बंद झाली की आपली अख्खी ओळ रिकामी होते. एखादी खोली शिक्षकाला, एखादी दवाखान्यातल्या नर्सताईला द्या.

सोनं मी सोडवून आणलं, पण तीन वर्षं लागली. तुम्ही आज रात्री वहीत हा हिशेब मांडा, रिकाम्या महिन्यांसकट. तरीही आकडा जमला, तर खुशाल बांधा. भेटू पुढच्या भागात!