संगणकाचे घड्याळ

संगणक बंद असला तरी त्यातले घड्याळ चालूच असते. वीज नसताना नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल ते चालवतो. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्यात दहा लाखांत २० इतकी चूक असली, तर दिवसाला पावणेदोन आणि महिन्याला सुमारे ५२ सेकंद फरक!

इंटरनेटवर वेळ आपोआप जुळते. नसल्यास घड्याळ बरोबर लावा, दहा दिवसांनी ताडून पाहा व फरकाला दहाने भागा. ही रोजची चूक. लिनक्समधील ‘एचडब्ल्यूक्लॉक’ हाच हिशेब ठेवून दुरुस्ती करते.

सेल संपला तर मात्र तारीखच कित्येक वर्षे मागे जाते. मग शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसावे, तर ब्राउझर संकेतस्थळच असुरक्षित ठरवतो. मुलांवर रागावू नका. आधी तारीख पाहा, सेल बदला, वेळ पुन्हा लावा.