हप्तेवाला दारात आला तर
(पाड्यावरच्या सभेतलं बोलणं)



लावणीच्या दिवसांत हप्ता चुकला की फायनान्सवाला अंधार पडल्यावर दारात येऊन बसतो, भांडी उचलीन म्हणतो. उचलू द्यायची नाहीत. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम हाये : गटाच्या या छोट्या कर्जाला तारण नाही, सकाळी ९ च्या आधी आन संध्याकाळी ६ नंतर फोन नाही, शिवीगाळ-धमकी कधीच नाही. घेतलेलं फेडू, ते कोण नाकारतंय? पण भरलेला प्रत्येक हप्ता कार्डावर लिहून घ्या.

आन वनपट्टा मागितला तर? सरळ नाही म्हणा. २००६ च्या वनहक्क कायद्याने पट्टा वारसाला जातो. विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर होत नाही. ज्यांचा कागद कुणाकडे अडकलाय, त्यांनी आजच नाव सांगा.