कठीण सालातील गोधडी

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात महिलांच्या वतीने झालेले भाषण)

 

आम्हा बायांना भाषणाची सवय नाही. दरवर्षी वर्धापन दिनाला आम्ही खिरीच्या पातेल्याजवळ असतो आणि माईक पुरुष मंडळींकडे असतो. यंदा कमिटीने सांगितले की महिलांनीही दोन शब्द बोलावेत, विषय तुमचा तुम्हीच ठरवा. आम्ही चार-पाच जणी बसलो आणि ठरवले की २०२० साली आमच्या आळीत जे घडले तेच सांगू. ते एकीचे नाही, सगळ्यांचे आहे. म्हणून या भाषणात 'मी' नाही, 'आम्ही' आहे.

ते साल कोणी विसरले असेल असे वाटत नाही. २४ मार्चच्या रात्री टीव्हीवर लॉकडाऊन जाहीर झाला आणि दुसऱ्या दिवसापासून पुणे-नाशिक रस्ता मुका झाला. आमच्याकडे बिबट्याच्या भीतीने दिवस मावळला की दारे लागतातच. त्या साली ती दिवसाही लागली. आळेफाटा, नारायणगावकडे रोजाने जाणाऱ्यांचा रोज बुडाला. मुंबईला असलेली पोरे मिळेल त्या वाहनाने, काही तर पायी, गावी आली. १४ एप्रिलची जयंती घरातच झाली. फोटोपुढे मेणबत्ती लावली, पोरांनी पुस्तकातले दोन उतारे वाचले. ७ मेची बुद्धपौर्णिमाही तशीच. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले आणि आमच्या आळीतल्या दोन घरांचे पत्रे उडाले. म्हातारी माणसे म्हणायची की बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, सुकडी खाल्ली, पण तेव्हा माणूस माणसाजवळ बसत तरी होता.

आळीतल्या एका आजींचा थोरला मुलगा मुंबईत कामाला होता. मे महिन्यात तो आजारी पडला आणि तिकडेच गेला. शेवटचे तोंड पाहायलाही घरच्यांना जाता आले नाही. पावसाळ्यात कोणीतरी त्याच्या कपड्यांची पिशवी आणून दिली. सहा-सात शर्ट, दोन लुंग्या, एक चादर. आजींनी पिशवी उशाशी ठेवली. रडल्या नाहीत, कोणाशी बोलल्या नाहीत.

आषाढ पौर्णिमा ५ जुलैला होती. त्यानंतर आठवडाभराने एके दिवशी आजींनी ओटीवर आपले जुने लुगडे अंथरले. चारी कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, म्हणजे कापड ताठ राहते. त्यावर चादर, लुंग्यांचे फाळके आणि शर्ट उसवून सपाट केलेले तुकडे नीट जुळवून मांडले. वरून दुसरे लुगडे घातले आणि सुईत दुहेरी दोरा ओवायला लागल्या. डोळ्यांना दिसेना, म्हणून समोरच्या घरातल्या सुनेला हाक मारली, "बाई, एवढा दोरा ओवून दे गं."

तिथून सुरुवात झाली. ती सून दोरा ओवून देऊन परत गेलीच नाही. दुसरी आली, तिसरी आली. तोंडाला पदर बांधून, अंतर ठेवून आम्ही गोधडीच्या चार बाजूंना बसलो. ज्यांना येत नव्हते त्यांना आजींनी शिकवले. आधी कडेने धावदोरा घालायचा आणि फिरत फिरत आत यायचे. मधूनच सुरुवात केली तर कापड गोळा होते, झोळ येतो. टाका तांदळाच्या दाण्याएवढा हवा. दोरा ओढताना घट्ट ओढायचा नाही, नाहीतर पहिल्याच धुण्यात तुटतो. हे सगळे सांगताना आजी बोलायला लागल्या. हा शर्ट त्याच्या पहिल्या पगाराचा, हा लग्नातला. मग एका शर्टाशी हात थांबला आणि आजी रडल्या. आम्हीही रडलो. दोन महिने अडलेले पाणी त्या दिवशी वाहिले.

आता आम्हाला जे सांगायचे आहे त्याकडे येतो. आमच्यातली एक मुलगी तेव्हा कॉलेजला होती. ती एक दिवस म्हणाली, "आजी, बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितलं आणि तुम्ही सगळ्या चिंध्या शिवत बसलात? आपल्या लोकांनी जन्मभर दुसऱ्यांच्या चिंध्याच नेसल्या ना?"

पोरीचा प्रश्न खोटा नव्हता. आपल्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्याने टाकलेले, मेलेल्याच्या अंगावरचे कापड वापरले. म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली गेली, त्या महाड परिषदेच्या वेळी बाबासाहेब महिलांशी मुद्दाम कपड्यांवर बोलले. नीटनेटके, स्वच्छ राहा, लुगडे नेसण्याची कमीपणा दाखवणारी जुनी तऱ्हा सोडा, असे त्यांनी सांगितले. तेव्हा चिंधी म्हटली की आपल्याला डाग आठवतो. आम्ही गप्प झालो. आजींनी मात्र हातातला टाका पुरा केला आणि म्हणाल्या, "पोरी, ती चिंधी त्यांनी फेकली म्हणून घ्यावी लागली. ही माझ्या लेकाच्या कष्टाची हाय, आन् शिवायची का नाय ते मी ठरवलंय. तू शीक. पन दोरा ओवाया पन शीक."

त्या दिवसापासून आम्ही या गोष्टीचा विचार करू लागलो. पावसाळ्यात वर्षावासाचे वाचन फोनवरून चालू होते, तेव्हा भन्तेजींना विचारले. त्यांनी जे दाखवले ते ऐकून आम्हाला फार आनंद झाला.

पहिली गोष्ट चीवराची. आरंभीचे भिक्खू उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून चीवर करीत. त्याला पांशुकूल म्हणतात. मगधातली बांध घातलेली भातखाचरे पाहून भगवंतांनी आनंदाला विचारले की असे चीवर करता येईल का, आणि आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर बेतले. पश्चिमेकडे आपल्याच तालुक्यात पावसाळ्यात डोंगराखालची खाचरे पाहा, म्हणजे चीवर कसे दिसते ते कळेल.

दुसरी गोष्ट धम्मपदाच्या अट्ठकथेतली. अनुरुद्ध थेरांचे चीवर शिवायचे होते. महाकश्यप एका टोकाला बसले, सारिपुत्त मध्ये, आनंद दुसऱ्या टोकाला. भिक्खुसंघाने सूत काढले आणि सुईत दोरा ओवून दिला स्वतः भगवंतांनी. मोग्गल्लान लागेल ते आणून देत होते. हे ऐकल्यावर आजी हसल्या. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. म्हणाल्या, "म्हंजे दोरा ओवायचं काम लई मोठं की गं!"

तिसरी गोष्ट नकुलमातेची. नकुलपिता फार आजारी पडला. त्याचा जीव संसारात अडकला होता. तेव्हा नकुलमातेने त्याला धीर दिला: काळजी घेऊन मरू नका, मला सूत कातता येते, लोकर विंचरता येते, तुमच्यामागे मी मुले सांभाळीन, घर चालवीन, आणि धम्मही सोडणार नाही. ते ऐकून त्याची चिंता गेली आणि तो बराही झाला. पुढे काठी टेकत भगवंतांकडे गेला, तेव्हा अशी पत्नी लाभली हे तुझे भाग्य, असे भगवंत त्याला म्हणाले. मंगलसुत्तातही शिल्प म्हणजे हातातली कला हे मंगल मानले आहे.

हे काही दूरच्या मगधातलेच नाही. आपल्या जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नोंद आहे. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले, २,००० एकीकडे आणि १,००० दुसरीकडे. त्यातल्या २,००० च्या व्याजातून वर्षावासातल्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळायचे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी संघाच्या अंगावरचे वस्त्र असे हाताने राबणाऱ्यांच्या भरवशावर होते. त्या हातांना तेव्हा प्रतिष्ठा होती.

बंधू-भगिनींनो, गोधडीने कोणाचे पोट भरले असे आम्ही म्हणत नाही. पोट रेशनच्या धान्याने भरले, उसनवारीने भरले. पुढे दोघींच्या शिलाई मशीनवर आम्ही सुती कापडाचे मास्क शिवले, त्याचे थोडे पैसे आले. ज्या घरचा कर्ता माणूस गेला, तिथली जागा कशानेच भरली नाही. पण दिवसभर भीतीच्या बातम्या ऐकून सुन्न बसणारी माणसे संध्याकाळी "आज दोन हात झाली" असे म्हणू लागली. हाताखाली काहीतरी वाढते आहे, ते आपण केले आहे, आणि उद्या कोणाला तरी त्याची ऊब मिळणार आहे, हा आनंद लहान नाही.

आणि तो आनंद एकट्या बायांचा राहिला नाही, हे विशेष. घरी बसलेल्या पुरुषांपैकी एकाला सुतळीची बाज विणता येत होती. त्याने अंगणात बाज काढली आणि चार पोरांना विणायला शिकवले. एक भाऊ भाकरी थापायला शिकला. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला, पण आठव्या दिवशी फुगली, तेव्हा त्याने सगळ्या आळीला दाखवली. उन्हाळ्यात कुरडया-पापड घालताना राखण करायला घरातली सगळी होती. एका घराने बाबासाहेबांच्या फोटोखालची भिंत स्वतः रंगवली आणि फळी ठोकून पुस्तके मांडली.

सिगालोवाद सुत्तात पत्नीने घर नीट सांभाळावे असे आहे, हे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. त्याच सुत्तात पतीने पत्नीचा मान राखावा, अपमान करू नये, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा, असेही आहे. ते कमी ऐकू येते. माता रमाईंनी गोवऱ्या थापून संसार ओढला. बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांना अर्पण केला, म्हणजे त्या कष्टांची नोंद ठेवली. आमचे मागणे एवढेच आहे. घरकाम ज्याच्यावर लादले त्याला ती वेठ वाटते. वाटून घेतले, त्याची किंमत जाणली, तर त्यातच माणसाला विसावा मिळतो. सगळे सुरू झाल्यावर काही घरांत भाकरी पुन्हा एकटीच्याच हाती आली, हेही आम्ही आज इथे सांगून टाकतो. ज्यांना लागू असेल त्यांनी मनावर घ्यावे.

आजींची गोधडी दिवाळीच्या आत पुरी झाली. एका शर्टाचा खिसा उसवायचा राहून गेला होता, तो तसाच वरच्या बाजूला लावला. त्यात आता त्यांचा नातू गोट्या ठेवतो. तो ती गोधडी पांघरून झोपतो आणि झोपेत हात त्या खिशावर असतो. कॉलेजच्या त्या मुलीने पुढे परीक्षा दिली, आणि गोधडीचा एक कोपरा तिच्या हातचा आहे. टाके जरा मोठे आहेत, पण आजींनी ते उसवू दिले नाहीत.

वर्धापन दिनानिमित्त आमच्या दोन सूचना आहेत. एक, विहारात रविवारी मुलांची वंदना झाल्यावर तासभर हाताचे काम शिकवावे. मुलींना आणि मुलांनाही. पुस्तकांचे कपाट तिथेच आहे, त्यामुळे एकासाठी दुसरे सोडायला नको. दुसरी, प्रत्येक घराने धुतलेला एक सुती तुकडा विहारात आणून द्यावा. नवा नको, घरात वापरलेला हवा. त्या साली ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांनी त्याच्या कपड्यातला दिला तर उत्तमच. त्या सगळ्यांची मिळून एक मोठी गोधडी करू आणि वंदनेला बसणाऱ्या लहान मुलांसाठी इथे अंथरू. पुढच्या वर्धापन दिनाला ती तयार असेल. टाके घालायला या. ज्यांना येत नसेल त्यांनी दोरा ओवून द्यावा. ते काम किती मोठ्यांनी केले आहे, हे आता तुम्हाला माहीत आहे.

काही चुकले असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!