कपाटात ठेवलेला आवाज

श्रोतेहो, आमची अम्मी जात्यावर बसली की दळणाबरोबर गाणं सुरू व्हायचं. काही दखनीतलं, काही शेजारणींकडून उचललेल्या मराठी ओव्या. देगलूर पडलं तेलंगण आणि कर्नाटकाच्या हद्दीजवळ. एका गाण्यात दोन-तीन भाषांचे शब्द सहज यायचे. १९९६ साली मी ती बावीस गाणी कॅसेटवर टेप केली. २००३ मध्ये अम्मी गेली. २००९ मध्ये गाणी संगणकावर उतरवली आणि बुरशी धरलेली कॅसेट फेकून दिली. पुढं संगणक भंगारात निघाला, तेव्हा त्यातली हार्ड डिस्क काढली, कापडात गुंडाळली, कपाटात ठेवली आणि निर्धास्त झालो.

मागच्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. तिला दादीचा आवाज ऐकवावा म्हणून डिस्क जोडली. आतून टक्‌ टक्‌ झालं, मग काहीच नाही.

दुरुस्ती करणाऱ्या मुलानं समजावलं. हार्ड डिस्कमधल्या तबकडीवर माहिती चुंबकीय ठिपक्यांत लिहिलेली असते. ती लवकर पुसत नाही. बिघडतं ते भोवतीचं यंत्र. पडून राहिल्यानं फिरणारा भाग अडकतो, वाचणारं टोक तबकडीला चिकटतं, दमट हवेनं जोडण्या गंजतात. पेनड्राइव्ह आणि एसएसडीत तर विद्युतभार साठवलेला असतो. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की तो गळत जातो, उष्म्यात अधिकच.

मला मग पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांचं काम आठवलं. गावोगावच्या बायांकडून त्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल यांनी त्यांचा संगणकीय संग्रह उभा केला. जोडीला शंभराहून अधिक तासांच्या ध्वनिफिती. राईरकर आणि पॉइतवाँ दोघंही आज नाहीत, पण ओव्या आहेत. तो ठेवा एका कपाटात राहिला नाही. गुडगावच्या संग्रहालयात गेला, फ्रान्समधल्या संग्रहात गेला, आणि अलीकडं ‘परी’ या पत्रकारितेच्या उपक्रमानं तो लोकांसमोर आणला. दर वेळी कुणीतरी तो उघडला, नव्या साधनावर घेतला.

माझ्या जुन्या कवितांचंही तेच झालं. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेली फाईल उघडली, पण अक्षरांच्या जागी नुसत्या खुणा. छापील पुस्तक होतं म्हणून कविता वाचल्या.

तेव्हा श्रोतेहो, घरातले फोटो, आवाज, कागद यांच्या तीन प्रती ठेवा; एक परगावी, नातेवाइकांकडं. वर्षातून एकदा, ईदेला किंवा दिवाळीला, त्या उघडून पाहा. चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवा. जुनी प्रत मात्र घाईनं फेकू नका.

उदगीरला बहिणीकडं एका सीडीत अम्मीची चार गाणी सापडली. लग्नाच्या आदल्या रात्री आम्ही ती ऐकली. उरलेली अठरा मला अर्धीमुर्धी आठवतात. तेवढी लिहून काढायला बसलो आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)