अंगठ्याचे दुखणे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. पण आमच्या घरची हकीगत सांगाच, असा आग्रह झाला, म्हणून उभी राहिले.

२०२१ च्या पावसाळ्यात एका रात्री ह्यांच्या पायाचा अंगठा एकाएकी सुजून लालबुंद झाला. पांघरुणाचा स्पर्शही सोसेना. मुरगळला असेल म्हणून मी आंबेहळद लावली. डॉक्टरांनी रक्त तपासून ‘गाऊट’ सांगितला. वैद्य त्याला वातरक्त म्हणतात. रक्तात युरिक ॲसिड वाढले की त्याचे टोकदार बारीक कण सांध्यात साचतात. आठ दिवसांत सूज उतरली आणि पुढे ॲलोप्युरिनॉलची रोजची गोळी सुरू झाली.

इथे माझे चुकले. पाय बरा दिसताच मीच म्हटले, “आता कशाला जन्मभर गोळ्या?” गोळी बंद करून सारी भिस्त पथ्यावर ठेवली. तूरडाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद. बिचारे ताकभात खाऊन राहिले. (रविवारची कोळंबी मात्र चालू होती! ती कोणी सांगितलीच नव्हती.)

२०२२ च्या डिसेंबरात लेकीचे लग्न, आणि आदल्या रात्री गुडघा धरला. कन्यादानाला ह्यांना पाटावर बसवेना. दीर-जाऊबाई बसल्या. ते मला अजून लागते.

मग डॉक्टरांनी समजावले. ठणका थांबला तरी कण सांध्यात असतातच. रिपोर्टातला आकडा कायम ६ च्या खाली राहिला तर ते हळूहळू विरघळतात. नुसत्या पथ्याने तो थोडाच उतरतो. गोळी लहान मात्रेने सुरू करून तपासणी बघून वाढवतात. पहिले काही महिने मधूनच ठणका उठतो, त्यासाठी वेगळे औषध देतात. घाबरून ही गोळी सोडायची नाही. अंगावर पुरळ उठले तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

वरण आता ताटात परत आले आहे. कलेजी, कोळंबी, सुकी मासळी बेताने. बाटलीतली गोड पेये बंद. बियरचे नाव निघाले की मी नुसती बघते.

मागच्या तपासणीत आकडा ५.४ आला. गोळ्यांची डबी मी लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली आहे. ताट वाढताना दिसते.