सागरातील एक कुळ



आज एका अतिसूक्ष्म कुळाचा वृत्तांत सांगतो. प्रोक्लोरोकॉकस हा समुद्रातील हरितद्रव्यधारी जीवाणू. असे सुमारे दीड हजार जीव एका मिलिमीटरात ओळीने मावतील! सूर्यप्रकाशावर तो अन्न निर्माण करतो व प्राणवायू सोडतो. अमेरिकन विदुषी सॅली चिझम व त्यांचे सहकारी यांनी १९८८ साली तो जगापुढे आणला.

पुढे २००३ साली त्याच्या दोन शाखांचे जनुकसंच वाचले गेले. भूमध्य समुद्राच्या पृष्ठभागी प्रखर प्रकाशात नांदणाऱ्या शाखेत अवघी १,७१६ जनुके. गल्फ स्ट्रीम प्रवाहातील, मंद प्रकाशास सरावलेल्या शाखेत २,२७५! उन्हाची इजा दुरुस्त करणारे एक जनुक पहिलीने जपले. दुसरीने, गरज नसल्याने, गमावले. मूळ एकच, परंतु प्रकृती भिन्न.

तात्पर्य, कुळाच्या नावावरून गुण कळत नाहीत; ते पारखावे लागतात. म्हणून आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून मदत देताना घराणे न पाहता योग्यता पाहावी, आणि विज्ञानाची आवड असलेल्या मुलींना मागे ठेवू नये, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.